जुन्या घराचं स्वयंपाकघर: मोरी ठेवावी की काढावी?

पार्लेकरीण

विलेपार्ले पूर्वेला आमचं घर आहे. इमारत १९६७ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर साडेनऊ बाय आठ फूट. त्याला लागून सात फुटांची एक जागा आहे, तिला आम्ही जेवायची खोली म्हणतो, पण खरं तर ती आतल्या खोलीकडे जायची वाट. दोन्हींच्या मध्ये भिंत. टेबल मांडलं की फ्रिजचं दार पूर्ण उघडत नाही आणि चौथी खुर्ची कायम आतल्या खोलीत.

ओटा कडप्प्याचा, सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हाचा. कडेला जिथे पन्नास वर्षं नारळ फुटतोय तिथे चांगला बोटभर टवका गेलाय. खिडकीखालच्या कोपऱ्यात मोरी. ओट्याखाली दारं नाहीत, पडदे आहेत. वायरिंग लाकडी पट्टीतलं, मिक्सर आणि ओव्हन एकदम लावले की फ्यूज उडतो.

आता काम काढायचं नक्की केलं आहे. तीन कंत्राटदार येऊन गेले. तिघांनीही पहिलं वाक्य तेच म्हटलं, "मोरी काढून टाकू, भिंत पाडू, मस्त मोकळं होईल." सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, अजून रोजची भाजी-आमटी त्याच करतात. मासे त्या मोरीत पाटावर बसून मोरळीवर साफ करतात. सिंकमध्ये खवलं सगळीकडे उडतात असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. मोरी काढायची म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या उठून आत गेल्या. तेव्हापासून मला निर्णय घेता येत नाहीये.

ज्यांनी जुन्या घरात असं काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

निशिगंध

आम्ही चार वर्षांपूर्वी मोरी काढली, तिथे वॉशिंग मशीन आलं. मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. भांडी घासायला बाई येतात, त्याही सिंकमध्येच उभ्याने घासतात, त्यांचे गुडघे वाचले. पण आमच्या घरात मासे नाहीत आणि सासूबाईही नाहीत, हे आधीच सांगते.

मुलुंडची आजी

काढू नका. मी काढली आणि आता परात, पिठाचा डबा, मोठा कुकर, पाण्याचं पिंप, सगळं बाथरूममध्ये नेऊन धुते. दिवाळीत चिवड्याची कढई सिंकमध्ये मावतच नाही. पाणी जायच्या दिवशी बादल्या भरून ठेवायच्या कुठे? मोरी म्हणजे जुनाट काहीतरी असं मुलांना वाटतं. पण घरात सांडलेलं पाणी जिथे आपोआप जातं अशी ती एकच जागा असते.

खालच्या मजल्यावरचा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्या डोक्यावरच्या घरात असंच नूतनीकरण झालं. त्यांनी मोरी काढली म्हणजे काय केलं, तर जाळीवर सिमेंट टाकून वरून लाद्या बसवल्या. खालचा नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, पाणी धरून वास अडवणारा वाकडा भाग) आणि बिडाचा पाइप तसाच राहिला. सिंकचं पाणी त्याच पाइपात जोडलेलं. जोड वरून दिसत नाही, उघडता येत नाही, साफ करता येत नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर आमच्या छताला बशीएवढा पिवळा डाग पडला. दुसऱ्या वर्षी पोपडे. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात, म्हणजे पावसाचा काही संबंध नसताना, दोन फुटांचा गिलावा थेट गॅसवर पडला. तेव्हा आई तिथून नुकतीच बाजूला झाली होती. वरच्यांचं म्हणणं एकच, "आमचं नवीन काम आहे, आमच्याकडून गळूच शकत नाही." सोसायटीच्या सभा झाल्या, पत्रं झाली, शेजार संपला. आज जिन्यात भेटलो तरी एकमेकांकडे बघत नाही, आणि आमचे वडील एकमेकांच्या घरी पत्ते खेळायचे.

ताई, एकच विनंती. तोडफोड सुरू करण्याआधी खालच्यांच्या घरी जा आणि त्यांचं छत बघा. फोटो काढून ठेवा, दोघांकडेही राहू द्या.

काँक्रीटवाला

स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मुंबईतल्या जुन्या इमारतीच बघतो, म्हणून जरा सविस्तर.

वरच्या प्रतिसादात लिहिलंय तेच बहुतेक इमारतींत होतं. स्लॅबमध्ये पाणी मुरतं, आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. डाग दिसतो तेव्हा आत हे आधीच सुरू झालेलं असतं. १९६०-७०च्या इमारतींत स्वयंपाकघराची मोरी बहुतेक वेळा खाली घेतलेल्या स्लॅबवर नसते, सपाट स्लॅबवरच कट्टा घालून केलेली असते. म्हणजे पाणी आणि सळई यांच्यामध्ये जेमतेम इंचभर काँक्रीट. म्हणून मोरी ठेवा किंवा काढा, खालपर्यंत उघडून वॉटरप्रूफिंग दोन्हीकडे करावंच लागेल.

भिंतीचं. साडेचार इंची आहे म्हणून बिनधास्त पाडता येते असं नाही. वर बीम आहे का ते पाहायला हवं. आणि मला एक सांगा, त्या भिंतीला लागून माळा आहे का? असेल तर माळ्याचा स्लॅब कशावर टेकलाय?

पार्लेकरीण

माळा आहे. मोरीच्या वरपासून भिंतीपर्यंत. त्यावर दोनशे लिटरची पाण्याची टाकी, पितळी भांडी, गणपतीच्या आरासाचं सामान. तुमचा प्रश्न वाचून आत्ताच शिडी लावून बघितलं. माळ्याची एक बाजू बाहेरच्या भिंतीत आहे आणि दुसरी याच मधल्या भिंतीत गेली आहे.

काँक्रीटवाला

मग उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. टाकी भरली की पाण्याचेच दोनशे किलो, वर माळ्याच्या स्लॅबचं स्वतःचं वजन, सामान वेगळं. हे सगळं त्या साडेचार इंची भिंतीवर उभं आहे. घण घातला की माळा खाली. तिन्ही कंत्राटदारांपैकी एकाने तरी मान वर करून बघितलं होतं का?

भिंत पाडायची असेल तर आधी माळा रिकामा करून तोडा आणि मग भिंतीला हात लावा. माळा ठेवायचा असेल तर भिंतीत मर्यादित खिडकी काढता येईल, वर लिंटल (उघड्या जागेवरचा भार पेलणारी आडवी पट्टी) घालून, पण ती जागेवर येऊन बघितल्याशिवाय कोणीच सांगू नये. तुमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीला ते करावंच लागतं. सोसायटीकडे अहवाल असेल. ज्यांनी तो केला त्यांनाच बोलवा, त्यांच्याकडे बीम-कॉलमची माहिती तयार असते.

आणि लादीवर लादी बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दोन इंची मसाला आणि लादी मिळून चौरस फुटाला दहा किलोच्या वर वजन जातं. साठ वर्षांच्या स्लॅबवर जुनं न काढता नवं चढवत जायचं नाही.

गिरगावकर

आमच्याकडचा अनुभव वेगळा, पण कोणाला उपयोग होईल. आमची इमारत उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत), १९४०च्या आधीची, म्हणजे ‘अ’ वर्गातली. जमीन काँक्रीटची नाहीच. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर माती-चुन्याचा थर आणि लादी. इथे ग्रॅनाइटचा ओटा आणि विटांचे खांब घालायचे म्हणजे तुळयांवर अन्याय. आम्ही ओटा भिंतीत लोखंडी अँगल ठोकून त्यावर घेतला, खाली हलके स्टीलचे रॅक. भिंती मात्र दीड फुटी, विटांच्या, सगळा भार त्यांच्यावर. त्यात कोनाडाही नवीन काढायचा नाही. परवानगी घरमालकाची, आणि मोठी दुरुस्ती म्हटली की म्हाडाचं दुरुस्ती मंडळ. मोरीजवळच्या तुळईचं टोक भिंतीत जिथे जातं ते टोचून बघा, लाकूड मऊ लागलं तर बाकी सगळं सोडून आधी ते.

पार्लेकरीण

काल खालच्या काकूंकडे गेले होते. लग्न होऊन या घरात आले त्याला तेवीस वर्षं झाली, त्यांच्या स्वयंपाकघरात शंभरदा तरी गेले असेन, पण कधी वर बघितलं नव्हतं. आमच्या मोरीच्या बरोब्बर खाली त्यांच्या छतातून बिडाचा पाइप बाहेर येतो आणि वळून भिंतीतून बाहेर जातो. पाइप छतात शिरतो तिथे गोल काळपट कडं. त्यांनी त्याच्या खाली फळीवर प्लास्टिकचा डबा ठेवलेला होता. मी विचारलं हा कशासाठी, तर म्हणाल्या, "अगं थेंबथेंब येतं, पावसाळ्यात जरा जास्त." किती वर्षं? "झाली असतील सहा-सात." आम्हाला का नाही सांगितलंत? "सांगून काय, तुझे सासरे आजारी होते तेव्हा."

रात्रभर झोप लागली नाही. कपाटांचा रंग कोणता हे ठरवत बसले होते मी दोन महिने.

आता ठरवलंय. पैसे आधी खाली घालायचे: मोरी, पाइप, वायरिंग. उरले तर कपाटं.

खालच्या मजल्यावरचा

हे वाचून फार बरं वाटलं. खरंच.

सुताराची लेक

कपाटांबद्दल मी लिहिते, बाबा आणि दोन्ही काका हेच काम करत आले.

मुंबईच्या हवेत दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणतो त्यावर जाऊ नका, प्लायवूडच्या फळीवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ म्हणजे साधं किंवा ओल थोडीफार सहन करणारं. आयएस ७१० म्हणजे मरीन. स्वयंपाकघरात ७१० घ्या, आणि माल घरी आला की प्रत्येक फळीवरचा शिक्का स्वतः बघा. पहिल्या दोन फळ्या बरोबर आणि बाकीच्या वेगळ्या असं होतं. कापल्यावर सगळ्या कडा, बिजागरीची भोकंसुद्धा, बंद झाल्या पाहिजेत. पाणी कडेतूनच शिरतं, सनमायकातून नाही.

पण सिंकखाली आणि मोरीच्या बाजूला मरीनसुद्धा नको. तिथे कडप्प्याच्या उभ्या पाट्या आणि आडवे कप्पे करा, पुढे फक्त अॅल्युमिनियमच्या चौकटीचं दार. बाबा म्हणायचे, दगडाला कसर लागत नाही. तुमचा जुना ओटा फोडून रॅबिटमध्ये (तोडफोडीच्या मलब्यात) टाकू नका. त्याच कडप्प्याचे कप्पे कापून मिळतील, गिरणीवर पॉलिश होतो. ट्रॉल्या घ्याल तर ३०४ स्टीलच्या. साध्या स्टीलला समुद्राच्या हवेत डाग धरतात.

निशिगंध

ओट्याच्या उंचीचं कोणी लिहिलंच नाही! आमच्याकडे तयार मापाचा ३४ इंची केला. माझी उंची पाच फूट. चार वर्षं खांदे दुखतायत, पोळ्या लाटताना तर चवड्यांवर उभी राहते.

मुलुंडची आजी

हाताचा कोपर दुमडून उभं राहायचं आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा यायला हवा. शेगडीची उंची त्यात धरत नाहीत ही चूक होते. शेगडी आणि वर पातेलं ठेवलं की ढवळताना हात छातीच्या वर जातो. माझ्या बहिणीने शेगडीचा भाग चार इंच खाली घेतलाय, फार सोयीचं आहे.

पार्लेकरीण

आज हा प्रयोग केला. जेवणाच्या टेबलावर पाट आणि त्याखाली वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवून उंची बदलत गेलो आणि सासूबाईंना प्रत्येक उंचीवर पोळी लाटायला लावली, खरी कणीक घेऊन. त्यांची उंची चार फूट दहा, माझी पाच-एक. ३१ वर त्या थांबल्या, "हे माझं." मला ३३ बरं वाटत होतं. ३२ वर दोघींचं जमलं. नवीन लादी आणि मसाला धरून तयार जमिनीपासून ३२, असं मिस्त्रींना भिंतीवर पेन्सिलीने खूण करून दिलं. जुन्या जमिनीपासून मोजलं असतं तर चुकलं असतं.

आणि मोरी राहतेय. माप लहान करतोय, अडीच बाय अडीच. सासूबाईंना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "नळ खाली ठेव, वर नको. बसून धुता आलं पाहिजे."

गॅसजवळ

एक महत्त्वाचं. पाइपातला गॅस असेल तर लाइन हलवायला कंपनीकडे अर्ज करा, त्यांचीच माणसं येतात. प्लंबर किंवा सुतार "मी करून देतो" म्हणाला तरी नको. पाइप कपाटात पूर्ण बंद करायचा नाही. आणि जुन्या स्वयंपाकघरांत खिडकीच्या वर जाळीचा झरोका असतो, तो चिमणी बसवताना हमखास बुजवतात. पाइपातला गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो, त्याला तो झरोकाच वाट आहे. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खालच्या बाजूला भोकं हवीत. चिमणीचं तोंड झरोक्यातून काढू नका, तिला वेगळं भोक करा.

पार्लेकरीण

आमच्याकडे झरोका आहे आणि कंत्राटदाराच्या चित्रात तो खरंच नव्हता! धन्यवाद.

पार्लेकरीण

सात आठवडे झाले, आता सगळं लिहिते.

काम सोसायटीच्या परवानगीने, अनामत भरून, सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा. लिफ्ट नसल्यामुळे रॅबिट बारदानात भरून डोक्यावरून खाली. साठ-पासष्ट खेपा झाल्या. त्या माणसांसाठी मधल्या जिन्यात पाण्याचा माठ ठेवला होता.

पहिल्या दिवशी मोरी उघडली. लादी निघाली, मसाला निघाला आणि खाली ओला, काळा, कुजकट वासाचा विटांचा कोबा. मिस्त्रींनी तो हातात घेऊन पिळला तर पाणी निघालं. साठ वर्षांचं पाणी त्यात बसून होतं. ट्रॅपच्या मानेला बोट जाईल एवढी चीर. काकूंच्या डब्यात थेंब येत होते ते इथून.

इंजिनिअर येऊन बघून गेले. दोन सळया उघड्या पडल्या होत्या. त्या घासून, गंजरोधक लावून, भरून घेतल्या. ट्रॅप आणि पाइप नवा. काकूंनी त्यासाठी दोन दिवस स्वयंपाकघर बंद ठेवलं, जेवण आमच्याकडे, म्हणजे आतल्या खोलीत मांडलेल्या इंडक्शनवर. कंत्राटदार म्हणत होता, कोबा नको, केमिकल पुरे, वेळ वाचेल. मी ऐकलं नाही. केमिकलचे दोन हात, त्यावर नवीन कोबा, भिंतीवर फूटभर चढवून. मग जाळीचं तोंड बंद करून मोरीत काठोकाठ पाणी भरलं आणि ४८ तास ठेवलं. पाण्याच्या पातळीला भिंतीवर खूण केली. मी दर दोन-तीन तासांनी खाली काकूंकडे जाऊन छताला हात लावून बघत होते. दुसऱ्या दिवशी रात्री काकूंनीच वर निरोप पाठवला, "आता झोप. कोरडं आहे."

भिंत पाडली नाही. माळा राहिला, टाकी काढली. भिंतीत साडेतीन फुटांची खिडकी काढली आहे, लिंटल घालून, आणि जेवायच्या बाजूला तिच्या खाली बिजागरीवर खाली पडणारं चार फुटी टेबल बसवलं. ओट्यावरून गरम पोळी थेट ताटात. दोन माणसं असली की अर्धं उघडायचं. जास्त माणसं आली तर पाट आहेतच. जुनं मोठं टेबल माझ्या भावाकडे गेलं.

वायरिंग तांब्याचं, ओव्हनला वेगळी ४ चौरस मिलिमीटरची लाइन, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच), कारण मोरीत ओल्या पायाने वावर असतो. वीज कंपनीकडून लोड वाढवून घेतला.

खर्च सव्वापाच लाख. त्यातले पावणेदोन लाख अशा गोष्टींवर गेले ज्या आता दिसत नाहीत. वरची कपाटं या वर्षी केली नाहीत. ओट्याखाली सध्या कडप्प्याचे कप्पे आणि पडदे, पूर्वीसारखेच, पडदे फक्त नवे.

गिरगावकर

जेवायच्या जागेच्या जमिनीचं काय केलंत?

पार्लेकरीण

जुन्या मोझेकच्या लाद्या ठेवल्या, घासून पॉलिश केल्या. खाली एवढा सुंदर हिरवा चुरा आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तीन लाद्या फुटक्या होत्या.

गिरगावकर

भारत फ्लोअरिंग टाइल्स विचारून बघा. १९२२ पासून मुंबईतलेच आहेत.

सुताराची लेक

जुना कडप्पा वापरला ना?

पार्लेकरीण

हो, सगळा. टवका गेलेली पाटी सासूबाईंनी कापू दिली नाही. ती मोरीच्या बाजूला बसवली आहे, टवक्याची कड पुढे. नारळ तिथेच फुटतो.

निशिगंध

मोरीचा कट्टा किती इंच ठेवलात? आणि उतार? आमच्या बाथरूमचं काम काढतोय.

पार्लेकरीण

कट्टा चार इंच, वर अर्धगोल ग्रॅनाइट, म्हणजे बसताना-उठताना हात टेकायला गुळगुळीत कड मिळते. उतार दर चार फुटांना अर्धा इंच, जाळीकडे. लादी बसवल्यावर मिस्त्री जायच्या आधी तांब्याभर पाणी चारही कोपऱ्यांत ओतून बघा. आमच्या एका कोपऱ्यात थांबत होतं, त्याच दिवशी ती लादी काढून परत बसवून घेतली.